आधार पिशवीत

फिजिओच्या बाकावर किस्से मिळतातच. बाकीचे घरी जाऊन सांगतात आणि मोकळे होतात. माझे साठतात. नवरा फोटोत, मुलगा विरारला, सांगू कोणाला? म्हणून लिहितेय. शाळा चौथीपर्यंत, चुका काढू नका!

हातखंब्याला पिकअपने पाय चिरडला, नडगीचं हाड उघडं पडलं. डॉक्टरांनी पोटरीचं मांस फिरवून पुढे आणलं आणि हाड झाकलं. याला फ्लॅप म्हणतात. शेजारच्या सुमनला फोनवर तेवढंच सांगितलं. घरी आले तर अख्खी वाडी दारात रडतेय! सुमन सगळीकडे सांगून आलेली, “काकीचं ऑपरेशन फ्लॉप!”

फ्लॉप नाही हे कळल्यावर चहा पिऊन गेली सगळी. परत कोण येतंय!

*

मी मासे विकते, कापूनही देते. विळीवर बसावं लागतं. मुलाने बजावलंय, “खाली बसता आलं नाही तर धंदा बंद. इकडे यायचं.” विरारला मुलगा-सून दोघं कामावर, दिवसभर मी नि बंद दार. त्यापेक्षा भांडखोर गिऱ्हाईक परवडलं!

*

बाकावर शेजारी हमीदचाचा, बोटीवर होते. त्यांच्या नडगीवर पाठीचं मांस लावलंय. म्हणायचे, “आता माझ्या पाठीत सुरा खुपसायचा तर दुश्मनाला वाकावं लागेल!”

चाचा बरे झाले, यायचे थांबले. त्यांच्या जागेवर आता पिशवी ठेवते.

*

फिजिओ करणारी पोरगी घाटावरची. फॉर्म भरताना विचारते, “मावशी, घरी आधार आहे?”

“घरी कशाला ठेवीन? हा बघ!” मी पिशवीतून कार्ड काढलं.

“तसा नाही हो, माणसाचा!”

“माझाच आहे. फोटो बघ ना!”

*

चालणं जमलं. चढावर चवडा अजून जोर धरत नाही, घोटा ताठ. राहिलं विळीवर बसणं. परवा सकाळी म्हटलं, आज बसायचंच. स्वयंपाकघरात विळी मांडली, बांगडे घेतले, ओट्याला धरून हळूहळू खाली गेले. बसले! सगळे बांगडे कापले.

मग उठायला गेले. पायात जोरच येईना. पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. सुमनला हाका मारल्या. ती मालगुंडला माहेरी.

दुपारी फोन वाजला. सरकत सरकत जाऊन घेतला. मुलगा.

“आई, जमतंय का गो खाली बसायला?”

“न जमायला काय झालं? सकाळपासून बसलेय!”