तवी खलफान कोणाच्या हद्दीत? याकूबचाचांच्या साठीनिमित्त

याकूबचाचा सोलकर यांना मी पहिल्यांदा पाहिले ते टँकरच्या खिडकीत कोपर टेकवून बसलेले. ओमानमधल्या सुमैरा विलायतीच्या, म्हणजे तालुक्याच्या, बलदियाचे (तिथल्या नगरपालिकेचे) आवार होते आणि पाणी भरायला टँकरची रांग लागली होती. मी मस्कतहून, तिथल्या गाला भागातल्या आमच्या नकाशे करणाऱ्या कंपनीतून आले होते. हातात उपग्रहावरून घेतलेल्या चित्रांचा गठ्ठा होता आणि त्यातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवून मी तिथल्या शिपायाला मोडक्यातोडक्या अरबीत वस्तीचे नाव विचारत होते. त्याला माझी अरबी कळेना, मला त्याची. शेवटी मी स्वतःशीच म्हटले, "आता हे कुणाला विचारायचं?"

"मला विचार की, बाय," वरून आवाज आला.

त्या रुक्ष मैदानात अशी रत्नागिरीची हाक ऐकून मी दचकलेच. चाचांनी खाली उतरून चित्र हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले आणि म्हणाले, "ही वस्ती नाय. उंटांचा गोठा हाय. वस्ती ह्या बाजूला, झाडाखाली. फोटोत झाडच दिसतंय." मग त्यांनी मला उलट प्रश्न केला. चित्रावर मी लाल रंगाने विलायतीची हद्द आखली होती. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "आणि ही रेघ कुणी ओढली?"

मी म्हटले, जुन्या नकाशावरून आली आहे. "जुन्यावर कुणी ओढली?" दहा वर्षे नकाशे काढूनही हा प्रश्न मी कधी कोणाला विचारला नव्हता.

मस्कतमधल्या आपल्या मराठी मंडळात चाचांना ओळखत नाही असा माणूस विरळा. पण त्यांचे कामाचे ठिकाण मस्कतपासून इतके आत आहे की फार थोड्यांनी ते पाहिले असेल, म्हणून त्याविषयी थोडे सांगते. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला वाळू आणि मधे हे खडीचे सपाट मैदान. एखाद्या जिल्ह्याएवढा पसारा, माणसे मात्र एखाद्या पेठेत मावतील इतकी. काट्याची खुरटी झाडे, वाळक्या गवताचे झुबके आणि वादी, म्हणजे कोरड्या नद्या. पाऊस झालाच तर त्या वाहतात आणि मैदान महिनाभर हिरवे दिसते. वस्त्या विहिरींपाशी. विहिरीला तिथे तवी म्हणतात. त्यामुळे गावांची नावेही तशीच, अमक्याची तवी, तमक्याची तवी. सुमैरा पूर्वी शेजारच्या मोठ्या विलायतीचाच एक भाग होता. पुढे तिथे वालीचा, म्हणजे विलायतीच्या प्रमुखाचा, नायब बसू लागला, आणखी काही वर्षांनी स्वतंत्र विलायत झाली, वाली आला, बलदिया आली. हा सगळा इतिहास मला कोणत्याही कागदात सलग सापडला नाही. तो मी चाचांकडून ऐकला आणि मग कागदाशी ताडून पाहिला.

त्यांना हे ठाऊक कसे? ते विचारत असत, एवढेच. पाण्याची नळी टाकीत सोडली की अर्धा-पाऊण तास माणूस मोकळा असतो. इतर चालक त्या वेळात फोनवर बोलत. चाचा वस्तीतल्या म्हाताऱ्यांजवळ बसून कॉफी घेत आणि विचारत: या विहिरीचा खलफान कोण होता? तुमची मुले जवळची शाळा सोडून लांबच्या शाळेत का जातात? भांडण झाले तर पूर्वी कोणाकडे जायचात? वीसेक वर्षांत त्यांची अरबी अशी झाली होती की तिथले बदू, म्हणजे भटके अरब, त्यांना हसत हसत आपल्यातला म्हणत.

एकदा मी त्यांना विचारले, ही खोड कुठून लागली. ते म्हणाले, "आमचा बाप खाडीवर तरीची होडी चालवायचा. ह्या काठाला एक तालुका, त्या काठाला दुसरा. मी लहानपणी विचारायचो, मधल्या पाण्यात आपण कुणाचे? बाप बोलायचा, वल्हव गपचूप. त्यानं सांगितलं असतं तर सुटली असती खोड."

आता ज्या घटनेसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते. ती माझ्या चुकीची आहे, आणि चाचांनी मला ती लपवायला कधी सांगितले नाही, तसेच चारचौघांत उगाळलीही नाही.

सुमैराच्या सर्व वस्त्यांची नवी यादी आणि नवा नकाशा करण्याचे काम आमच्याकडे होते. थंडीच्या दिवसांत मी गाडी घेऊन मैदान पालथे घातले. हद्दीजवळ तवी खलफान म्हणून जागा होती. तिथे मला दिसले ते खजुराच्या झावळ्यांचे दोन मोडके आडोसे, शेळ्यांचे रिकामे कुंपण आणि झाकण लावलेली विहीर. माणूस नाही. मी फोटो काढले आणि फॉर्मवर लिहिले, 'वस्ती नाही.' यादी मंजूर झाली.

उन्हाळा लागला आणि बलदियाने टँकरच्या फेऱ्या नव्या यादीप्रमाणे आखल्या. एका सकाळी मी ऑफिसात असताना चाचांचा फोन आला.

"बाय, माझ्या कागदावर तवी खलफान नाय."

"चाचा, तिथे कुणी राहत नाही. मी स्वतः बघून आलेय."

ते अगदी सावकाश म्हणाले, "कोणत्या महिन्यात बघितलंस?"

मी सांगितले. ते म्हणाले, "थंडीत ते जनावरं घेऊन मैदानात पांगतात. उन्हाळा लागला की विहिरीवर परत येतात. आता सगळे आलेत. आणि विहिरीचं पाणी कधीचं खारट झालंय."

मला चूक तिथल्या तिथे कळली. तरी तोंडातून निघाले ते असे: "पुढच्या दुरुस्तीत बघते." यादी पुन्हा उघडायची तर माझ्या वरिष्ठांना सांगावे लागणार होते की मी वर्षातला एकच ऋतू पाहून गाव पुसले, आणि ते सांगायचा धीर मला होत नव्हता. चाचा फक्त "बरं" म्हणाले.

त्यानंतर त्यांनी काय केले ते मला पुढे दुसऱ्याकडून कळले. नेमून दिलेली फेरी संपवून ते रोज टँकर तवी खलफानला नेत होते. टँकर यादीबाहेर जातो हे सुपरवायझरच्या यंत्रात दिसले. त्याने विचारले, चाचांनी खरे तेच सांगितले. सुपरवायझर म्हणाला, यादी मस्कतहून आली आहे, खलास. चाचांकडून किल्ली काढून घेतली आणि त्यांना आवारात गाड्या धुवायला लावले. नोकरी गेली तर व्हिसा जातो, हे आपल्यापैकी कोणाला समजावून सांगायला नको. घरी दुसऱ्या मुलीचे लग्न ठरलेले होते. तरी त्यांनी मला पुन्हा फोन केला नाही. मीच आठवड्याने कुठल्याशा दुसऱ्या कामासाठी बलदियात फोन केला, तेव्हा तिथला कारकून म्हणाला, "तुमचा इंडियन चाचा? तो आता गाड्या धुतो."

शुक्रवारी मी मस्कतमधल्या, अझैब्यातल्या घरून पहाटेच निघाले आणि सुमैराला पोहोचले. चाचांना सुटी होती. मी माफी मागायला तोंड उघडले, तर ते म्हणाले, "ते राहू दे. वही आणलीस ना? यल्ला, चल." एका ओळखीच्या माणसाची पिकअप घेऊन, मागे पाण्याची दोन पिंपे ठेवून आम्ही निघालो.

तवी खलफानला त्या दिवशी अकरा बिऱ्हाडे होती. मी पाहिलेल्या दोन आडोशांवर नव्या झावळ्या चढल्या होत्या आणि भोवती आणखी आडोसे उभे राहिले होते. पुरुषांनी सांगितले, आम्ही सुमैराचे, पाणी तिथूनच येते. चाचांनी मला हळूच सांगितले, "तू आत बायकांकडे जा. मला आत जाता येत नाय, म्हणून वीस वर्षं माझी अर्धी गोष्ट राहिलीय. विचार, पोरं कुठं जन्माला घातली."

आत शम्सा नावाची एक वयस्क बाई होती. तिने माझ्या हातात खजूर ठेवले आणि आधी माझीच चौकशी केली: मुले किती, नवरा सोबत राहतो का, आई जिवंत आहे का. मग मी चाचांचा प्रश्न विचारला. ती उठली, पत्र्याची पेटी उघडली आणि मुलांची जुनी लसीकरणाची कार्डे काढून दाखवली. प्रत्येकावर शिक्का शेजारच्या विलायतीचा. लेकरांची नोंद तिकडे, लग्नाचे कागद तिकडे, तिच्या सासऱ्याच्या वेळचा विहिरीचा तंटाही तिकडच्याच वालीपुढे सुटलेला. सुमैरा वेगळी झाली तेव्हा कोणत्या विहिरी कोणाकडे, याची यादी झाली होती. तवी खलफानचे नाव दोन्ही याद्यांत नव्हते. इकडच्यांना वाटले ती तिकडे आहे, तिकडच्यांना वाटले इकडे. टँकर सुमैराचा येई, कारण चाचांच्या आधीचा चालक येत असे. आणि तो का येई, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मी बाहेर येऊन चाचांना हे सगळे सांगितले. ते मन लावून ऐकत होते. वीस वर्षे अडलेले कोडे सुटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. मग माझ्या लक्षात आले की खरे लिहिले तर ही वस्ती शेजारच्या विलायतीत जाणार. चाचांनी जिच्यापायी नोकरी धोक्यात घातली, ती त्यांच्या फेरीतून कायमची जाणार, आणि सुपरवायझरचे म्हणणे एका अर्थी बरोबर ठरणार.

"चाचा, काय लिहू?" मी विचारले.

"जे हाय ते लिही. पाणी येऊ दे. टँकर कुणाचा का असेना."

"पण तुमचं काय?"

"माझं इन्शाल्ला बघू. पण आधी तुझी चूक लिही, मग त्यांची. तुझी खाली लिहिलीस तर कुणी वाचणार नाय."

मी तसाच अहवाल लिहिला. पहिल्या परिच्छेदात माझी चूक, दुसऱ्यात शम्साबाईंची कार्डे. आमचे वरिष्ठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. बलदियातले एक ओमानी अधिकारी स्वतः तवी खलफानला जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी चाचांना बोलावले, किल्ली टेबलावर ठेवली आणि हद्दीचा निर्णय होईपर्यंत पाणी तुम्हीच न्या, असे सांगितले. सुपरवायझरने नंतर चाचांना चहा पाजला. त्या माणसाविषयी चाचांनी कधी वाईट शब्द काढला नाही. "त्याला कागद दिलेला, तो कागदाप्रमाणे चालला," एवढेच म्हणतात.

निर्णय व्हायला तो उन्हाळा सरला. तवी खलफान शेजारच्या विलायतीच्या यादीत गेले आणि तिकडचा टँकर सुरू झाला. त्याचा चालक नवा होता, खडीत चाकांच्या खुणा ओळखायची त्याला सवय नव्हती. चाचा आपल्या सुटीच्या दिवशी त्याच्या शेजारी बसून गेले, कुठे जमीन वरून कोरडी पण आत भुसभुशीत आहे ते दाखवले, आणि परतताना त्याला चालवू देऊन स्वतः गप्प बसले. त्यानंतर कामासाठी ते तिथे गेले नाहीत. ईदला मात्र त्यांना तिथून बोलावणे येते.

त्या उन्हाळ्यानंतर आमच्या कंपनीत एक नियम झाला. कोणतीही वस्ती 'नाही' असे लिहिण्याआधी ती दोन ऋतूंत पाहायची. नियमाच्या कागदावर कोणाचे नाव नाही. कोणाचे असायला हवे, ते मी इथे लिहीत आहे.

चाचांचा स्नेह आमच्या घरालाही मिळाला. माझी मुलगी इथल्या शाळेत शिकते, मराठी बोलताना अडखळते आणि मग इंग्रजीत शिरते. पाहुणे तिला टोकतात, ती आणखी मिटते. चाचांनी तिला कधी टोकले नाही. ते तिला प्रश्न विचारतात. "उंट वाळूत रुतत नाय, ते कशामुळं?" उत्तर द्यायच्या भरात ती अडखळायचे विसरते. एकदा दोघांना उंटाच्या तळपायाला मराठीत काय म्हणावे हे सुचेना. पुढचा पाऊण तास दोघांनी घरातल्या प्रत्येकाला विचारण्यात घालवला. मलाही सांगता आले नाही.

सुमैराच्या नव्या नकाशाची एक प्रत मी चाचांना दिली तेव्हा त्यांनी तो जमिनीवर पसरला, चारही कोपऱ्यांवर चपला ठेवल्या आणि तासभर पाहत बसले. शेवटी म्हणाले, "चांगला झालाय. तीन ठिकाणी विचारायला पायजे." ती तीन ठिकाणे आम्ही नंतर विचारली. दोन ठिकाणी त्यांचे बरोबर निघाले.

येत्या महिन्यात साठी पूर्ण करून चाचा गावी परततील. तिथे काय करणार, असे मी परवा विचारले. त्यांच्या गावाच्या वर, डोंगराच्या माथ्याला सात-आठ घरांची एक वाडी आहे म्हणे, तिला ज्या नावाने हाक मारतात त्याचा अर्थ गावात कोणाला सांगता येत नाही. "जाऊन विचारतो," ते म्हणाले. "चढ मोठा हाय, पण घाई कुठं हाय?"

याकूबचाचांच्या गुडघ्यांत तो चढ पुन्हा पुन्हा चढण्याचे बळ राहो, कान शाबूत राहोत, आणि त्यांना उत्तर देणारी म्हातारी माणसे त्यांना पुढची पुष्कळ वर्षे त्या वाडीत वाट पाहत बसलेली भेटोत.