माझ्या सायकलवरचे त्यांचे कपडे

नागपूरहून निघालेली पॅसेंजर गोंदियाला पोहोचली आणि डबा जवळजवळ रिकामा झाला. फलाटावर हिंदीचा गलका होता. "भैया, सामान हटाओ, उतरने दो," म्हणत लोक उतरले आणि विळे, टोपल्या, कोंबड्या घेऊन खेड्यातली माणसे चढली. मला पुढच्या आमगावला उतरायचे होते. मोहफुलांचे दिवस होते. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला तो गोड, किंचित आंबूस वास होता.

या प्रवासाचे वर्णन मी पूर्वी एकदा लिहिले आहे. एका दिवाळी अंकात ते छापून आले आणि वाचकांना गमतीदार वाटले. त्यातली झाडे, जेवण आणि रस्ता खरा आहे. माणसांविषयी जे लिहिले ते खोटे आहे. आता मी ऐंशीच्या पुढे गेलो आहे. तोच प्रवास जसा झाला तसा लिहितो.

आमगाव स्टेशनबाहेर सुकराम उभा होता. एका सायकलवर बसून, दुसरी हाताने धरून, तो गावाहून इथपर्यंत आला होता. नागपुरात माझ्या घराचा वरचा मजला त्याने बांधला होता. धानाची कापणी झाली की तो गवंडीकामाला शहरात यायचा.

"या जी मास्तर. सोता चालवाल का मांगं बसाल?"

"चालवतो की."

"मंग ठीक. आमाले वाटलं, नागपूरचा मानूस, आधा रस्त्यातच पंचर होईन."

देवरीकडे जाणारा रस्ता तेव्हा अरुंद होता. दोन्ही बाजूंना मोह, आंबा, ऐन. बऱ्याच खोडांवर पांढरा पट्टा ओढलेला होता. रस्ता रुंद व्हायचा होता आणि पट्टा असलेले झाड जायचे होते. सुकराम एका मोहाजवळ थांबला. या भागात कोणत्या मोहाची फुले कोणत्या घराने वेचायची हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेले असते.

"हा आमचा," तो म्हणाला. "याच्याच बुडाशी पडला होता भाऊ."

त्याचा धाकटा भाऊ बांबूच्या चटया घेऊन सायकलने देवरीच्या बाजाराला निघाला होता. वळणावर ट्रकने त्याला उडवले. ट्रकवाला पोलिसांना एवढेच म्हणाला, "सायकलवाला दिखाच नहीं, साहब." पुढे काही झाले नाही.

ही हकीकत सुकरामने मला नागपुरात, पहाडावर (बांधकामाच्या परांचीवर) बसून चहा पिताना सांगितली होती. तेव्हा मीच त्याला वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवली. परदेशात काही शहरांत माणसे अंगावरचे कपडे उतरवून सायकलींची फेरी काढतात. मोटारींच्या धुराचा निषेध आणि रस्त्यावर आम्हीही आहोत हे दाखवणे, असे दोन्ही त्यात असते. ज्याला जेवढे उतरवायचे तेवढे त्याने उतरवावे, सक्ती कोणावर नाही. मी हसत वाचले. सुकराम हसला नाही.

"कपडे घातले तं दिसत नाई म्हंतेत," तो म्हणाला. "काढून पाऊ."

गावात पोहोचलो तेव्हा त्याची भावजय शेवंता, त्या मेलेल्या भावाची बायको, अंगणात मोहफुले वाळत घालत होती. जेवायला भात, लाखोरीची डाळ, सुक्या झिंग्यांची चटणी. जेवताना ज्या सायकल-फेरीसाठी मी आलो होतो तिचे बोलणे निघाले. मागणी साधी होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सायकलींपुरती पट्टी सोडावी आणि वळणावरचे मोह तोडू नयेत. रस्त्याच्या कामाचे साहेब दुसऱ्या दिवशी देवरीच्या विश्रामगृहावर येणार होते. त्यांचा निरोप आला होता: कपडे घालून याल तर ऐकून घेईन, नागडे याल तर पोलीस घेतील. ठाणेदारानेही तेच सांगितले होते. देवरीच्या अलीकडच्या नाल्याच्या पुलापर्यंत हवे तसे या, पुलावर कपडे घाला, मग पुढे चला.

"पर कपडे आनाचे कुठी?" एकाने विचारले. "लंगोटाले खिसा रायते का?"

सगळे हसले. सायकलींना कॅरिअर होते, पण प्रत्येकाच्या कॅरिअरवर फळी बांधायची होती आणि फळीवर गेरूने मागणी लिहायची होती. मी कपडे उतरवणार नव्हतो. वयाने मोठा होतो, मास्तर होतो, विश्वासाचा होतो. सगळ्यांचे कपडे एका लुगड्यात बांधून माझ्या सायकलवर द्यायचे ठरले.

सकाळी बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठावर माणसे जमली. बहुतेकांनी लंगोट ठेवले, काहींनी नुसता गमछा. दोघे म्हातारे पूर्ण उघडे झाले.

"सीट तपली का समजन तुले, बुढ्या!"

"तू आपलं झाक. मायं काय, सारा गाव बोडीवर रोज पायते."

एकमेकांच्या पाठींवर त्यांनी चुन्याने लिहिले: "आता दिसलो का?" शेवंता आणि चार-पाच बायका लुगड्यांतच होत्या, सायकलींना लाल फडकी बांधून. निघण्याआधी सुकरामने गाठोड्याची दोरी ओढून पाहिली. "मास्तर, आमची इज्जत तुमच्या मांगं बांधली," तो म्हणाला आणि हसला.

रस्त्यावर कोणी दगड मारले नाहीत. माझ्या जुन्या लेखात दगड आहेत. ते मी टाकले. प्रत्यक्षात शेतातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि कशासाठी चालले आहे हे शेवंताने सांगितल्यावर गप्प झाल्या. एका चहावाल्याने पाण्याची बादली बाहेर आणून ठेवली. तांदळाचे ट्रक हळू झाले. एक ट्रकवाला मागून ओरडला, "अरे, पागल हो क्या सब?" सुकरामने वळून विचारले, "दिखा ना?" ट्रक बराच वेळ आमच्या मागे सायकलीच्या वेगाने येत राहिला.

मी सर्वांत शेवटी होतो. चढावर धाप लागत होती. पूल दिसू लागला तेव्हा ते पुढे गेले होते आणि मी एका हॉटेलापाशी पोहोचलो होतो. तिथे एक जीप उभी होती. जीपमधून देवरीचे एक धानाचे व्यापारी उतरले. माझ्या मुलीचे त्यांच्या मुलाशी जमवायचे चालले होते. होकार अजून यायचा होता.

"अरे मास्तरसाहेब! आप इधर? आणि हे पुढं नंगे कोण चाललेत?"

मी म्हणालो, "काय माहीत. रस्त्यात भेटले."

हे वाक्य मला कोणी शिकवले नव्हते. ते आपसूक आले. त्यांनी मला हाताला धरून बाकावर बसवले, पोहे मागवले.

"आणि हे गाठोडं?"

"जुने कपडे आहेत," मी म्हणालो. "गरिबांना वाटायला आणलेत."

"वा! पुण्याचं काम. आमच्या मंदिराच्या दारात रोज लोक बसतात. आम्हालाही हातभार लावू द्या." त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. त्याने दोरी सोडली आणि गाठोडे जीपमध्ये टाकले. मी पाहत राहिलो. एक शब्द पुरला असता. तो शब्द बोललो असतो तर ही माणसे माझी आहेत हे कबूल करावे लागले असते, आणि आधी खोटे बोललो हेही.

ते मुलीबद्दल विचारू लागले. स्वयंपाक येतो का, देवरीसारख्या लहान गावात राहील का, बघायला कधी येऊ. तेवढ्यात शेवंता सायकल हातात धरून हॉटेलाच्या दारात आली.

"मास्तर, मानसं पुलावर उभे हायेत. साहेब जेवाच्या आंधी जानार हाये म्हंतेत."

व्यापाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी बशीकडे पाहत म्हणालो, "बाई, तुम्ही दुसऱ्या कोणाला शोधत असाल."

तिने माझ्या सायकलच्या रिकाम्या कॅरिअरकडे पाहिले. मग जीपकडे. मग परत गेली.

पुलावर त्यांनी वाट पाहिली. बायका तशाच विश्रामगृहावर गेल्या, तर साहेबांनी माणसे कुठे आहेत विचारले. थोड्या वेळाने साहेबांची गाडी पुलावरून परत निघाली. ती थांबली, काच खाली झाली. "सांगितलं होतं ना?" एवढे म्हणून गेली. कोणीतरी फोटो काढले. पोलिसांनी सगळ्यांना ठाण्याच्या अंगणात बसवले. राइस मिलच्या एका हमालाने बारदाने आणून दिली, ती गुंडाळून ते संध्याकाळी गावी परतले.

मी त्यांच्या आधी परतलो होतो. सांगितले, ट्रकच्या हवेने सायकल घसरली आणि गाठोडे नाल्यात गेले.

सुकरामने पहिल्यांदा विचारले, "तुमाले लागलं तं नाई ना जी?"

शेवंता चुलीपाशी होती. तिने मला भात वाढला.

नागपूरला आल्यावर मी लेख लिहिला. त्यात नागड्यांची वरात होती, मोहाच्या दारूचा वास होता, दगड होते, आणि दिलेला शब्द विसरणारी उत्साही अडाणी माणसे होती. होकार आला होता. लग्नाच्या गडबडीत तो अंक व्याह्यांना मी स्वतः दिला. ते पोट धरून हसले. कोणीतरी तो देवरीतही फिरवला. पुढे त्या वळणाची मागणी कोणी घेऊन गेले की कार्यालयात तेच विचारायचे, "ते नंगेवाले का?" सुकरामला तालुकाभर 'नंगा सुकराम' म्हणू लागले. रस्ता रुंद झाला. मोह गेले. सायकलींची पट्टी झाली नाही.

मुलीकडे मी वर्षातून दोनदा जायचो. त्या वाटेने कधी गेलो नाही. सुकराम दम्याने गेल्याचे कळले तेव्हा बसने त्यांच्या गावी उतरलो. फाट्यावर सावली नव्हती. शेवंता अंगणातच होती. केस पांढरे झाले होते. मी उभ्यानेच सगळे सांगून टाकले.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "बसा."

"सुकरामभाऊजींना सांगितलं होतं?"

"त्याच रात्री. ते म्हनले, चूप राय."

"काऊन?" 'का' ऐवजी माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

"तुमची पोरगी द्याची होती ना तिथं. मी आयकलं हॉटेलात. बोंबललो असतो तं लगीन मोडलं असतं. तिनं काय केलं होतं आमचं?" तिने सुपातला खडा वेचून फेकला. "पोरीसाठी आमी चूप रायलो. लिवलं ते कायले, मास्तर? कोनासाठी लिवलं?"

मी तेव्हा कुठे खाली बसलो. ती सुपातले खडे वेचत राहिली.

"भाऊजीनं ते वाचून घेतलं होतं शाळेतल्या गुरुजीकडून. दोनदा. दारू पेत नव्हते ते."

"मी पुन्हा लिहीन. खरं ते."

"लिवा. पर मले वाचून दाखवाले नोका येऊ."

परतीची बस आली. रुंद, काळ्या रस्त्यावर ती वेगाने धावत होती. कडेच्या मुरमात उतरून सायकलवाले तिला वाट देत होते. प्रवास माणसाला मोठे करतो असे मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो. मी ज्या प्रवासातून सर्वांत लहान होऊन परतलो, त्याच्यावरच मला सर्वांत जास्त शाबासकी मिळाली.

हे छापायला देण्याआधी मी मुलीला वाचून दाखवले. तिचे सासरे आता नाहीत, संसार चांगला चालला आहे. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिने एकच विचारले, "बाबा, त्या लोकांना माझ्या लग्नाचं आमंत्रण दिलं होतं का?"

दिले नव्हते.