कुकर शेजारचा, कान माझे

भिंतीवर डाव आपटल्याचा आवाज आला की समजायचं, काकांनी कुकर लावला. पाठोपाठ हाक यायची, "बाय, लक्ष ठेव गो!" थोड्या वेळाने पुन्हा डाव, पुन्हा हाक, "किती झाल्या?" मी आकडा ओरडायचे आणि भिंतीवर तितक्या थापाही मारायचे; त्या थापा भिंतीला टेकवलेल्या त्यांच्या हाताला कळायच्या.

लालबागच्या चाळीत आमच्या दोन खोल्यांमध्ये एक भिंत, तीही असून नसल्यासारखी. काका एके काळचे गिरणीकामगार. बायको गेल्यापासून एकटे राहायचे, स्वतः रांधायचे. कानांनी मात्र जवळजवळ राजीनामा दिलेला. कुकरची शिट्टी त्यांना ऐकू यायची नाही, मला यायची. म्हणून कुकर त्यांचा आणि कान माझे अशी भागीदारी ठरली होती. ठरली म्हणजे त्यांनी ठरवली. मला कोणी विचारलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, शेजाऱ्यासाठी चार शिट्ट्या मोजल्या तर काय झिजलं? मी विम्याच्या कंपनीचं काम घरून करते. कानावर हेडफोन, समोर साहेब, आणि पलीकडून डाव. एकदा मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "या आठवड्यात किती पॉलिसी झाल्या?" त्याच क्षणी भिंत वाजली आणि मी माइक बंद न करता ओरडले, "तीन झाल्या, अजून एक होऊ दे!" साहेब खूश झाले. मी दिवसभर धुमसत होते.

"काका, शिट्टी वर उडताना दिसते. स्टूल घेऊन समोर बसा आणि बघा," हे मी किती वेळा सांगितलं असेल! त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "शिट्टी काय बघायची असते? आमची ही कधी कुकरसमोर उभी नाय राहिली. खिडकीत बसून तांदूळ निवडायची, कान फक्त इकडे." कानाच्या यंत्राचा विषय काढला तर म्हणायचे, "त्यात नुसतो पंखो ऐकाक येता." पंखा! ज्या माणसाला माझी बेंबीच्या देठापासून मारलेली हाक ऐकू येत नाही, त्याला पंख्याचा त्रास!

कुकर काकूंच्या संसाराच्या सुरुवातीचा. जाड अॅल्युमिनियमचा, एका बाजूला पोचा आलेला. त्याची शिट्टी बदलली होती, रबर तर वरचेवर बदलायचं, दोन्ही हँडल नवी, झाकणही कधीतरी दुसरं बसवलेलं. बाजारातला स्पेअर पार्टवाला चेष्टेने म्हणायचा, "काका, आता एक भांडंच जुनं राहिलंय. तेवढं बदला म्हणजे सुटलात." काका पिशवी उचलून चालू लागायचे. दुसऱ्या खेपेला पुन्हा त्याच्याकडेच.

अशा चाळीत प्रत्येकीला आपल्या कुकरची शिट्टी ओळखू येते, हे तुम्हाला माहीत असेल. माझी एकदा गफलत झाली. समोरच्यांची शिट्टी मी काकांच्या खात्यात धरली आणि "झाल्या!" म्हणून ओरडले. तासाभरात काका वाटी घेऊन दारात. वाटीत काळे वाटाणे, दाताला न जुमानणारे. "हे बघ, तुझे वाटाणे," म्हणाले. माझे! मी खूप चिडले. पण दुपारी तेच वाटाणे पुन्हा शिजवून, खोबरं भाजून, वाटप लावून त्यांनी सांबारं पाठवलं, आणि ते खाताना मला रागही धड धरता येईना. तसं सांबारं मालवणातही नाही मिळायचं. नवऱ्याने वाटी बोटाने पुसून खाल्ली आणि वर मलाच म्हणाला, "मोज गं जरा नीट."

काकांना दुसरं काही नको होतं. आपल्या खोलीत, आपल्या हाताने शिजवलेलं खायचं आणि कुणाच्या तरी दारात एक वाटी नेऊन द्यायची, एवढ्यासाठी ते माहीमला मुलीकडे राहायला जात नव्हते. मुलगी दर रविवारी यायची, समजावून दमायची, जाताना माझ्याकडे बघून कपाळावर हात मारायची.

गणपतीत आमची चाळ रिकामी होते. सगळे कोकणात. आम्हीही निघालो. काकांच्या गुडघ्यांना प्रवास झेपेना, म्हणून ते मागे राहिले. "इतके दिवस डबा लावा," मी बजावलं. "सणाचा डबा?" ते म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत मी जणू त्यांना उपाशी राहायला सांगितल्यासारखं झालं.

आणि लालबागमध्ये गणपतीच्या दिवसांत धडधाकट कानांनाही काही ऐकू येत नाही. रस्त्यावर लाउडस्पीकर, ढोल, घोषणा. मजल्यावर मोजायला कोणी नाही. काकांनी मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी म्हणून वाटाणे लावले आणि खिडकीत बसले, बायको बसायची तसे. पाणी आटलं, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, खोली धुराने भरली. कार्यकर्त्यांनीच धावत येऊन गॅस बंद केला. काकांना खरचटलंसुद्धा नाही. पण मुलीने त्याच दिवशी त्यांचे कपडे पिशवीत भरले.

गावाहून आले तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं. मी मुलीला फोन केला. तिच्याशी भांडायचं ठरवूनच केला होता. ती म्हणाली, "ताई, उद्या ते जळाले असते तर?" चूक कुणाचीच नव्हती, याचाच मला जास्त संताप आला. आणि कुकर? त्याला नवा व्हॉल्व्ह बसवला की तो पुन्हा चालणार होता.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते माहीमला. चकचकीत स्वयंपाकघर, ओट्यावर इलेक्ट्रिक कुकर, स्वयंपाकाला बाई. काकांनी तिथे पाऊल टाकायचं नाही, असा मुलीचा नियम. मला बघून ते इतके खूश झाले की हाताला धरून मला शेजारी बसवलं. आतून कुकर 'टिंग' वाजला. बाईने ताट आणून ठेवलं.

काकांनी आधी एक शीत उचललं. अंगठ्याने बोटावर दाबून बघितलं. ते लोण्यासारखं पसरलं. मग ते माझ्याकडे वाकून, बाईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू, म्हणजे त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले, "कोणच मोजत नाय गो इथे. तरी बरो शिजता."

आणि मान खाली घालून जेवू लागले. तो भात कच्चा निघाला असता तर किती बरं झालं असतं.