दर महिन्याची माफी

"सरका जरा, पाय उचला," असे म्हणत ती उपासना पुरती संपण्याआधीच मागच्या बाकांखाली केरसुणी घालायची. पुढे पाळकांचा आशीर्वाद चालू असे. कोणी डोळे वटारले, तर तिचे उत्तर तयार असे: "आमेन म्हणायला तोंड लागतं. हात मोकळंच हायती माझं."

दौंडच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत सारेच तिला मावशी म्हणत. साठी ओलांडलेली विधवा, आठवडाभर मेथी-कोथिंबीर विकणारी. चर्च झाडण्याचे काम तिला कोणी सांगितले नव्हते. तुमच्याही मंडळीत अशी एखादी असेल. ती एक रविवार आली नाही, तरच तिचे काम दिसते.

गाताना ती पेटीच्या अर्धी ओळ पुढे असायची. घरी प्रार्थनेला आलेले पाळक लांबले, की हळूच म्हणायची, "पाळकसाहेब, देवाला समदं ठावं हाय. च्या गार होतोय." पाळकही हसत आणि आटोपते घेत.

मी त्या मंडळीचा सचिव होतो. मंडळीतल्या एखाद्या मुलाला दुसऱ्या गावच्या मंडळीत लग्न करायचे असेल, तर आपल्या मंडळीचा दाखला न्यावा लागतो: हा आमचा सभासद आहे, अविवाहित आहे, वर्तणूक चांगली आहे. मावशीच्या एकुलत्या मुलाची सोयरीक तळेगाव ढमढेरेला जमली होती. त्याचा दाखला मी तीन आठवडे अडवून ठेवला. "उपासनेला नियमित नाही," हे मी सांगितलेले कारण. गळिताच्या दिवसांत तो पाटसकडे उसाचा ट्रॅक्टर चालवी, आणि ऊस रविवार पाळत नाही, हे मला पुरते ठाऊक होते. खरे कारण असे, की नाताळच्या गीतांच्या सरावात त्याने सर्वांदेखत माझा सूर चुकल्याचे सांगितले होते. लोक हसले होते.

मुलीकडच्यांनी उशिराचा अर्थ एकच लावला: मुलात काही खोट असणार. सोयरीक मोडली. मुलगा शिरूरला कंपनीत कामाला लागला. तो पुन्हा आमच्या चर्चची पायरी चढला नाही, आणि त्याने लग्नही केले नाही.

काही वर्षे मी हे कोणाजवळ बोललो नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीचे ताट समोर आले, की मी ते न घेता पुढे सरकवी; कोणाचा अपराध मनात ठेवून ती भाकर घेऊ नये, असे आम्ही मानतो. अखेर एका पहिल्या रविवारी, उपासनेपूर्वी, चपला काढतो त्या पायरीशी मी मावशीला सारे सांगितले. तिने केरसुणी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "घाम फुटलाय तुम्हाला. पाणी प्या. सोडलं मी."

मी तेथेच थांबायला हवे होते. त्या दिवशी मी भाकर घेतली, पण पुढच्या महिन्यात मन पुन्हा टोचू लागले. तिला नीट कळले असेल का? मनापासून सोडले असेल का? मी पुन्हा पायरीशी उभा राहिलो. ती पुन्हा म्हणाली, "सोडलं म्हणलं न्हवं!" असे दोन वर्षे चालले. प्रभुभोजनाचा रविवार आला, की मी क्षमा मागायची आणि तिने द्यायची. एकदा मी धापा टाकत पोहोचलो, तर ती म्हणाली, "सेक्रेटरी, आज उशीर केला माफीला." मीही हसलो. माझ्या नम्रतेचे मला थोडे कौतुकही वाटू लागले होते, हे आता कबूल करतो.

मग एका पहिल्या रविवारी मी "मावशी, तो दाखला..." एवढेच म्हटले, आणि तिने केरसुणी खाली टाकली.

"बास करा. दर महिन्याला तुम्ही माझी खपली काढता. तुम्ही आत जाऊन भाकर खाता, आन् मी घरला जाऊन दोन दिस पोराचा इचार करती. मी सोडलेलं तुम्हीच उचलून परत माझ्या हातात देता."

ती आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्याकडं सोपं पडतं तुम्हाला. ज्याची मागायची, त्याच्याकडं गेलात का कवा?"

मी गेलो नव्हतो. त्यानंतरही वर्षभर गेलो नाही; मावशीजवळ पुन्हा विषय काढला नाही, एवढेच. या वर्षाची आठवण मला अजून स्वस्थ बसू देत नाही. दरम्यान मावशीचे गुडघे गेले, आणि मुलगा तिला शिरूरला घेऊन गेला. पुढच्या पहिल्या रविवारी पायरी रिकामी होती. जिच्याआड मी लपत होतो, ती आता तेथे नव्हती. मी आत न जाता एसटी स्थानकावर गेलो आणि शिरूरची गाडी धरली.

दार त्यानेच उघडले. मावशी आत मेथी निवडत होती; तिने मान वर केली नाही. मी उभ्यानेच सांगितले की दाखला मी मुद्दाम अडवला होता, आणि का तेही सांगितले; मग क्षमा मागितली.

"एका सुरासाठी?" तो म्हणाला.

"हो."

"मला आत्ता काय बी म्हणता येणार न्हाई," एवढेच तो बोलला. आतून मावशीचा आवाज आला, "त्यांना च्या दे. उनातनं आलेत." चहा मी प्यालो. दुसऱ्यांदा क्षमा मागण्यासाठी तोंड उघडले होते, ते कसेबसे मिटले.

मावशी गेल्याचा निरोप आला तो त्यानंतर चार महिन्यांनी. शिरूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आम्ही दौंडचे पाच-सहा जण मागे उभे होतो. शवपेटी उचलायची वेळ आली. मुलाने एका कोपऱ्याला खांदा लावला, वळून सगळ्यांकडे पाहिले, आणि मला हाक मारली.

"सेक्रेटरी, इकडं या. तुमची उंची माझ्याएवढी हाय."

मी त्याच्या शेजारी जाऊन खांदा दिला. त्याने मला क्षमा केली होती का, हे मी विचारले नाही. पेटी फार हलकी होती. वाट खडबडीत होती, म्हणून आम्ही दोघे खाली पाहत, पावलाला पाऊल जुळवत चाललो.