तिच्या फाइल्स उघडत नव्हत्या

मामेबहिणीने नवा कॅमेरा घेतला हे मला आईच्या हसण्यावरून कळलं. आई स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. "घेतलास व्हय गं? बरं झालं बाई. आता आमचा बी एक झ्याक फोटो काढ की!" आणि मग बराच वेळ नुसतं हसणं.

आई करमाळ्याकडची. माझ्याशी ती असं बोलत नाही. मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हाच तिने ठरवलं असावं, या मुलीपुढे 'हाय' आणि 'न्हाय' काढायचं नाही. त्यामुळे माझ्या वाट्याला तिची जपून बोललेली मराठी आली. मोकळी भाषा भाचीसाठी राहिली. ही भाची कॉलेजची तीन वर्षं सोलापुरात आमच्याच घरी होती, माझ्याच खोलीत, माझ्याच कपाटाच्या खालच्या खणांत कपडे ठेवून. ती आणि आई भाजी निवडत बसल्या की मी आतून ऐकायचे. मध्ये जाऊन बसले तर आईची भाषा बदलायची. म्हणून मी जात नसे.

आता ती करमाळ्यात एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे काम करते. कॅमेरा आधी माझ्याकडे आला होता, तिच्याकडे नाही. बारावीनंतर बाबांनी मला जुना, कुणीतरी वापरलेला कॅमेरा घेऊन दिला. मी इंग्रजी व्हिडिओ बघून सगळं शिकले. प्रकाश किती घ्यायचा, चौकटीचे तीन भाग कसे करायचे, डोळे कुठे यायला हवेत. ती तेव्हा माझाच कॅमेरा मागून घ्यायची आणि विचारायची, "ह्यातलं कुठलं बटण दाबायचं गं, मॅडम?" मला ती मॅडमच म्हणते.

पुढे तिचे फोटो फोनवर यायला लागले. हळदीचे, वरातीचे, कुणा आजोबांचे. बाबा जेवताना फोन लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, "पोरीला दृष्टी आहे." माझे फोटो बघून ते "छान" म्हणतात. मी मनातल्या मनात एक वाक्य तयार ठेवलं होतं: तिच्याकडे स्टुडिओचा चांगला कॅमेरा आहे. आणि तिने स्वतःचाच नवा घेतल्यावर ते वाक्य आणखी पक्कं झालं. कुणी तिचं कौतुक केलं की मी ते आठवायचे आणि मला जेवण जायचं.

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते, इंजिन चालवायचे. ड्रायव्हर निवृत्त होतो त्या दिवशी तो शेवटची गाडी घेऊन येतो आणि सोबतचे लोक, घरचे लोक त्याला प्लॅटफॉर्मवर हार घालून उतरवून घेतात. हलगी असते, पेढे असतात. बाबा त्या दुपारी होटगीकडून येणार होते. आम्ही लवकरच जाऊन उभे राहिलो. माझ्या गळ्यात माझा कॅमेरा, तिच्या गळ्यात तिचा. तिचा कॅमेरा आकाराने लहान होता, तरी लोक त्याच्याकडेच बघत होते.

तिने जागा करून घ्यायला सुरुवात केली. बाबांच्या मित्रांपैकी एकाला म्हणाली, "काका, जरा तिकडं सरका की. इंजिनच्या आधी तुमचं पोट येतंय फोटोत." सगळे हसले, आणि ते काका सर्वांत जास्त हसत मागे सरकले. मीही त्यांनाच सरकायला सांगणार होते. मी 'एक्सक्यूज मी' म्हणाले होते. हलगीत ते कुणाला ऐकू आलं नाही.

गाडी आली. इंजिन आमच्या थोडं पुढे जाऊन थांबलं, आम्ही धावलो. दार उघडं होतं, पण बाबा लगेच उतरले नाहीत. आत पाठमोरे काहीतरी करत होते. खालून कुणीतरी ओरडलं, "साहेब, उतरा की आता! का परत निघालाय होटगीला?" मी कॅमेरा खाली घेतला आणि ते वळायची वाट बघितली. मग ते वळले, उतरले, आईने हार घातला, आणि मी फोटो काढले. ते मला हवे तसे आले. डोळे जागेवर, हार जागेवर, मागे इंजिन.

नंतर लोक तिच्याभोवती गोळा झाले. "बघू, बघू." कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर रंग असे झळकत होते की झेंडू ओला वाटत होता. आई तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. मी माझ्या लेन्सवर झाकण लावलं. इतका उजळ पडदा असल्यावर काहीही चांगलंच दिसणार, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारी घरी जेवण होतं. सगळे नातेवाईक येणार होते, आणि त्याच्या आत बाबांना अल्बम हवा होता. अल्बम करणं हे आमच्या घरात माझं काम. ते एकच काम असं आहे की ज्यात मला कुणाशी बोलावं लागत नाही. माझा लॅपटॉप जुना, त्यातलं फोटोचं सॉफ्टवेअर त्याहून जुनं, आणि माझा कॅमेरा त्याच काळातला. तिघांचं चांगलं जमतं. गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मामेबहिणीने तिच्या कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्या हातात दिलं. मी ते लावलं. पडद्यावर राखाडी चौकोन उमटले, ओळीने, सगळे रिकामे. एकावर क्लिक केलं तर इंग्रजीत एक वाक्य आलं.

"काय म्हणतंय गं तुमचं इंग्लिश, मॅडम?"

"ही फाइल ओळखता येत नाही म्हणतंय."

"म्हंजे? गेलं का समदं?" तिचा चेहरा एकदम उतरला. तीन वर्षांत मी तो असा पाहिला नव्हता. आणि मला बरं वाटलं. उन्हातून घरी येऊन फरशीवर पाय टेकल्यावर वाटतं, तसं.

आई आली, भाचीकडे वळून म्हणाली, "कॅमेऱ्यात दिसतंय की. मग हितं का दिसंना?"

मला कारण ठाऊक होतं. तिने सगळे फोटो 'रॉ'मध्ये काढले होते. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः काही रंगरंगोटी न करता, जेवढा प्रकाश आत आला तेवढा जसाच्या तसा ठेवून दिलेला असतो. त्याचा फोटो आपण नंतर कॉम्प्युटरवर तयार करायचा. पण प्रत्येक नवा कॅमेरा हे आपल्या पद्धतीने लिहून ठेवतो, आणि तिचा कॅमेरा बाजारात आला तेव्हा माझं सॉफ्टवेअर म्हातारं झालं होतं. त्याने हा कॅमेरा कधी पाहिलाच नव्हता. नवं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर चालत नाही.

"गेलं नाही काही," मी म्हणाले. "माझं सॉफ्टवेअर जुनं आहे."

"हात्तिच्या!" तिचा चेहरा लगेच पूर्वीसारखा झाला. "मग आमच्या सरांच्या कॉम्प्युटरवर उघडंल की. न्हायतर असं करू, पडद्याचाच फोटो काढू फोनवर आन् चिकटवू अल्बमात."

आई हसली. मग म्हणाली, "मग तूच करून आण की करमाळ्यावरनं. अल्बम बी तिथंच कर. हिला कशाला तरास?"

आईने हे माझ्या काळजीनेच म्हटलं असेल. पण मला माझ्या कपाटाचे खालचे खण आठवले.

"नको," मी म्हणाले. "मीच करते."

नव्या कॅमेऱ्याची फाइल सर्वांना वाचता येईल अशा एका सामाईक रूपात बदलून देणारा एक फुकट प्रोग्रॅम असतो. तो माझ्या लॅपटॉपवर चालेल अशी आवृत्ती शोधण्यात माझी ती दुपार गेली. पहिली चालली नाही. दुसरी चालली, पण तिला हा कॅमेरा माहीत नव्हता. तिसरीला माहीत होता. ती एकेक फाइल बदलत गेली आणि राखाडी चौकोन एकेक करून भरू लागले. मामेबहीण तोवर आईबरोबर बाजारात गेली होती. मी एकटी होते, ते बरं झालं.

कारण फोटो वाईट दिसत होते. फिके, मातकट. झेंडू धुवून वाळत घातलेल्या कापडासारखा. नवे कॅमेरे लेन्सचे दोष आपले आपण झाकतात. माझ्या जुन्या सॉफ्टवेअरला ते झाकता येत नव्हते, त्यामुळे इंजिनच्या सरळ कडा वाकल्या होत्या आणि चारही कोपरे काळवंडले होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावरची ती झळाळी कुठेच नव्हती. माझे फोटो शेजारच्या खिडकीत उघडे होते, रंगाने भरलेले, सरळ. मी मनातलं ते वाक्य पुन्हा म्हटलं आणि या वेळी त्याचा पुरावा माझ्यासमोर होता. बघा, कॅमेरा काढून घेतला की काय उरतं.

मग तो फोटो आला.

इंजिनचं दार. आत बाबा, पाठमोरे नाहीत, थोडे बाजूने, वाकलेले. त्यांच्या हातात त्यांचा रोजचा नॅपकिन आहे आणि ते ड्रायव्हरची सीट पुसताहेत. खाली, अगदी कडेला, हार धरलेले आईचे दोन हात, अस्पष्ट, थांबलेले.

बाबा कुठूनही उठले की बसलेली जागा पुसतात. स्कूटर मला देताना पुसतात, डॉक्टरांकडे खुर्ची पुसतात, लग्नात पंगतीतून उठताना पाट पुसायला गेले म्हणून आई त्यांच्यावर चिडली होती. पुसतात ते आपल्यानंतर बसणाऱ्याला घाम लागू नये म्हणून. त्या सीटवर त्यांच्यानंतर दुसरा ड्रायव्हर बसणार होता.

हे मी जन्मापासून बघितलं आहे. तिने तीन वर्षं बघितलं. आणि प्लॅटफॉर्मवर मी तिच्या शेजारी होते, हातभर अंतरावर. तोच उजेड, तेच दार. मी कॅमेरा खाली घेतला होता, कारण फोटो अजून सुरू व्हायचा आहे असं मला वाटलं होतं.

फोटो फिका होता, वाकडा होता, कोपऱ्यांत काळा होता, आणि तरी मी माझी खिडकी बंद केली.

त्या फोटोवर मी जितकं काम केलं तितकं स्वतःच्या एकाही फोटोवर केलेलं नाही. कडा सरळ केल्या. कोपरे उजळले. झेंडूचा रंग माझ्या फोटोशी ताडून बसवला. प्रत्येक वेळी तो थोडा आणखी चांगला झाला, आणि प्रत्येक वेळी मला थोडं आणखी वाईट वाटलं. सगळं नीट झाल्यावर मी तो पूर्ण पानावर लावला. माझा हाराचा फोटो त्याच्या पुढच्या पानावर, अर्ध्या आकारात. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही मांडणीत तो अल्बम खोटा दिसत होता.

रविवारी वेळापूरच्या मोठ्या काकू आल्या. त्या बाबांच्या थोरल्या वहिनी. मला लहानपणापासून जवळ घेऊन बसतात, मी बोलत नाही म्हणून दोघींचं त्याच बोलतात. अल्बम मांडीवर घेऊन त्या पानं उलटत होत्या. सीटच्या फोटोवर त्या थांबल्या. चष्मा वर केला, परत खाली घेतला. बोटाने बाबांचा हात चाचपला.

"असंच करतंय बघ हे," त्या हळूच म्हणाल्या. "लगीन होऊन मी घरात आले तवापास्नं. ह्यो कुणी काढला?"

आई आतून म्हणाली, "माझ्या भाचीनं!" मामेबहीण गच्चीवर पंगतीची तयारी करत होती. तिथून तिचा आवाज येत होता, ती वाढप्यांना काहीतरी सांगून हसवत होती.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तिचा कॅमेरा लई महागाचा हाय म्हणं. मग येणारच की गं. तुला बी तसला असता, तर तू बी काढला असतास."

माझंच वाक्य. इतक्या मायेने मला ते दुसऱ्या कुणी कधी दिलं नव्हतं.

"कॅमेऱ्यामुळे नाही, काकू," मी म्हणाले.

आत आईने मिक्सर लावला होता. "आं? काय म्हणलीस?"

"काही नाही."

काकूंनी पान उलटलं. बाबा, हार, मागे इंजिन. "ह्यो तू काढलास व्हय? चांगला आलाय की," त्या म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं.