परशाचं काही चुकलं नव्हतं

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, शाळेतल्या मैत्रिणींजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलते, कारण तुम्ही माझ्या भावाला ओळखत नाही. यातही माझा भित्रेपणाच आहे, कळतंय मला. पण आता माझाच मला इतका वैताग आलाय, की बोलल्याशिवाय राहवत नाही.

मी निपाणीला हायस्कुलात गणित शिकवते. माहेर बेळगावचं, वडगावातल्या विणकरांच्या गल्लीतलं. परशा — परशराम — माझा धाकटा भाऊ. हातमागावर साड्या विणायचा. काठावर मोर म्हणा, कोयऱ्या म्हणा, सांगाल ते. आमचे आप्पा आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, ‘ह्येच्या हातनं एक धागा चुकत न्हाय.’ मी बी.एस्सी.ला पहिली आले तेव्हा म्हणाले, ‘बरं झालं. आता चा टाक.’ — हे कशाला सांगतेय मी? सबब म्हणून नाही. पण हे सांगितलं नाही तर पुढचं तुम्हाला कळणार नाही.

आमच्याकडून गोवा लांब नाही, चोर्ला घाट उतरला की आलंच. गल्लीतली चार माणसं रविवारी पहाटे गाडी करून पणजीला जायची आणि नदीतल्या बोटीवरच्या कॅसिनोत दुपार घालवून परत यायची. एकदा परशाही गेला. तिथं त्यानं ब्लॅकजॅक पाहिला. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, एकवीस ओलांडली की तुम्ही बाद, आणि सामना कॅसिनोच्या माणसाशी. परत आल्यावर त्यानं मोबाइलवर शोधून शोधून हमखास जिंकायची एक इंग्रजी पुस्तिका काढली आणि मला पाठवली. ‘आक्का, एवढं मराठीत करून दे की. मला इंग्लिश झेपत न्हाय.’

काय एकेक पुस्तिका असतात हो! हमखास म्हणे! नियम पाळून जिंकता येत असतं, तर लिहिणारा पुस्तिका विकत कशाला बसला असता? तोच नसता का बोटीवर जाऊन बसला? एवढी साधी शंका कुणाला येत नाही, याचा मला अजून संताप येतो. पण सगळंच खोटं असतं तर बरं झालं असतं. आतला तक्ता खरा असतो, हा खरा घोळ आहे. तुमची बेरीज इतकी, समोरच्याचा उघडा पत्ता हा — तर पत्ता घ्या, किंवा थांबा. मी स्वतः गणित मांडून ताळा घेतला. मनाला येईल तसं खेळणाऱ्यापेक्षा तक्ता पाळणारा हळू हरतो. हळू! एवढाच त्याचा उपयोग. कारण आधी पत्ता तुम्ही घेता. तुम्ही एकवीस ओलांडलंत की पैसे तिथल्या तिथे गेले. मागाहून समोरचाही ओलांडेना का, तुमचे परत येत नाहीत. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात हे लिहिलंही होतं — नियम कितीही पाळा, अखेर कॅसिनोच पुढं राहतो.

ते एक पान सोडून बाकी सगळी पानं मी मराठीत करून दिली.

तुम्हाला वाटलं असेल, झाली कबुली. नाही. ही त्यातली सोपी.

पान का गाळलं? कारण जन्मात पहिल्यांदा परशा माझ्यापुढं वही घेऊन बसला होता. माग बंद ठेवून दर मंगळवारी एस.टी.नं निपाणीला यायचा. माझं गणित माहेरच्या कुणाच्या तरी कामाला येत होतं. आणि मी काय करायचं, ‘बाळ, याचा काही उपयोग नाही’ म्हणून त्याला उठवायचं? मला तो बसायला हवा होता. इतकं क्षुल्लक कारण आहे. सांगतानाही स्वतःचा राग येतो.

त्यानं तो तक्ता साडीच्या नक्षीच्या चौकटींच्या कागदावर उतरवला. घ्यायचं तिथं तांबडा रंग, थांबायचं तिथं हिरवा. साडीचा काठही आधी असाच रंगवतात, मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि पुठ्ठे मागावर चढवतात. पुठ्ठे बरोबर लागले की मोर उमटणारच. नाही उमटला, तर विणणाऱ्यानं कुठंतरी धागा चुकवला — दुसरं कारणच नसतं. परशाला दुसरं कुठलं शास्त्र ठाऊक नव्हतं. तो पत्त्यांकडंही तसंच बघतोय, हे मला समोर बसून दिसत होतं. मी गणिताची मास्तरीण! मला नाही दिसणार?

‘आक्का, ह्ये बरोब्बर पाळलं की जिंकतंय न्हवं माणूस?’ त्यानं विचारलं.

‘व्हय की,’ मी म्हटलं. ‘फकस्त तू चुकू नको.’

मग तो रविवारमागून रविवार गेला. एकदा आनंदानं सांगत आला, ‘आक्का, तिथली माणसं लई चांगली. कागद टेबलावर ठेवा म्हनली, आमची हरकत न्हाय.’ अरे देवा! तुमचं हत्यार बघून समोरचा हसतो आणि जवळ ठेवा म्हणतो, तेव्हा त्या हत्याराची किंमत कळायला गणित लागतं का? मी हसले. म्हटलं, बरं आहे की.

दुसरा माग घ्यायला म्हणून त्यानं बाजूला टाकलेलं सगळं गेलं. पण पैशाचं जाऊ दे. पैशाचं त्यानंही मनाला लावून घेतलं नाही. एका मंगळवारी तो आला, तोच कागद माझ्यापुढं पसरला आणि म्हणाला, ‘आक्का, माझं कुठं चुकतंय, बघ जरा.’

इथं बोलायचं होतं. एवढंच वाक्य — तुझं काही चुकलं नाही, मी एक पान लपवलं. किती शब्द झाले? मी म्हटलं, ‘तक्ता चुकत न्हाय रं. तूच घाईत चुकला असशील.’

तो म्हणाला, इचार मला. मी विचारत गेले. सोळा आणि समोर दहा? बारा आणि समोर चार? उलटं, सुलटं, मधूनच कुठलंही. एक चौकट चुकली नाही. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत असा विद्यार्थी मला मिळाला नाही, आणि त्या विद्यार्थ्याला मी म्हटलं, ‘घरात बसून येतंच. तिथं हात गडबडला असंल तुझा.’

हात म्हटलं मी. दुसरा शब्द नव्हता का मला?

त्यानं बोटीवर जाणं सोडलं, हे चांगलंच झालं. पण मग तो विणलेलं मोजायला लागला. वीतभर विणायचा, शंका यायची, उकलायचा. सुमन, त्याची बायको, फोनवर रडायची — ‘वन्सं, दिसभर ह्ये नुसतं उसवत्यात.’ मी म्हणायचे, होईल ठीक. वर्षाच्या आत त्यानं माग विकला. आता सांबऱ्याकडं एका गोदामावर राखणीला आहे. तिथंही सुटल्यावर दोनदा मागं जातो, कुलूप लागलंय का बघायला. पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत एक वाक्य बोलायला मला किती वेळ मिळाला असेल, तुम्हीच बघा.

गेल्या महिन्यात मी वडगावला गेले होते. शहापूरचे एक साडीवाले घरी आले. नातीच्या लग्नाची साडी त्यांना परशाच्याच हातची हवी होती. माग ते देणार, मदतीला माणूस ते देणार. सुमनचा चेहरा असा फुलला, की मला बघवेना. म्हणाली, ‘वन्सं, तुमी तरी सांगा की ह्यास्नी.’

परशानं दोन्ही हात मांडीखाली घेतले. ‘न्हाय जमायचं, मालक. माझ्या हाताचा भरवसा न्हाय. पायजे तर आक्काला इचारा, तिनं बघितलंय.’

तिघंही माझ्याकडं बघायला लागली.

मी मान हलवली. म्हटलं, ‘व्हय. नको म्हनतोय तर ऱ्हाऊ दे.’ साडीवाले उठले आणि सुमननं कपबशा आत नेल्या.