उन्हात वाकलेली तांबडी रेकॉर्ड

तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला दुसरबीडमधला लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवतो. ह्यांनी मेहकरच्या मित्राकडून सिनेमाच्या गाण्यांची रेकॉर्ड मागून आणली होती, काळी नव्हे तर आरपार दिसणारी तांबडी, आणि तिच्यातली गिटारची झिंगलेली गाणी मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. हे शाळेत शिकवायला गेल्यावर मी ती उजेडात बघायला खिडकीत उभी केली आणि भाकरी थापायला बसले. परत येऊन पाहते तो ती पापडासारखी वाकलेली. लग्नाच्या दोन महिन्यांत ह्यांचा राग मी पाहिलाच नव्हता, तो आता दिसणार असं वाटलं. उकळत्या पाण्याचा तांब्या फिरवून ती सपाट करायला गेले, पण ती सरळ तर झाली नाहीच, उलट माझा तळवा भाजला, आणि तेवढ्यात हे आले. “म्या उन्हात ठेवली,” मी म्हणाले. ह्यांनी आधी माझा हात पाहिला. “पाण्यात घाल पहिले. उद्या दोघं जाऊन सांगू.” दुसऱ्या दिवशी मेहकरात मित्र ह्यांना नाही नाही ते बोलला, आणि हे मान खाली घालून ऐकत राहिले, माझं नाव घेईनात. मी पुढे झाले. “भाऊजी, त्याईले नका बोलू. माह्या हातानं झालं.” परक्या पुरुषासमोर मी तोंड उघडलं ते पहिल्यांदाच.